मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या वडिलांसह तोमार कसे पाहावे?

नमस्कार.

सप्टेंबरच्या अखेरीस मी वडिलांसह आठवडाभर लिस्बनला जात आहे. त्यातला पोर्तुगालमधल्याच तोमार या गावासाठीचा वेळ कसा बेतावा, याविषयी तिथे जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा आहे. वडील ७४ वर्षांचे असून त्यांनी तीस वर्षे वसईच्या शाळेत इतिहास शिकवला. १५३४ पासून पोर्तुगीजांनी वसईत काय काय उभारले आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ते कसे जिंकून घेतले, हे ते मुलांना किल्ल्यात नेऊन समजावत असत. मात्र त्या पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा तांबडा क्रूस ज्या संघाचा होता, त्या संघाचे ठाणे त्यांनी अजून पाहिलेले नाही. तोमारला जायचे ते एवढ्यासाठीच.

टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाचा पोर्तुगालमधला प्रमुख गुआल्दिं पाइश याने ११६० मध्ये तिथल्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. १३१२ मध्ये पोपने टेम्पलर संघ बरखास्त केला, तेव्हा राजा दिनिश याने पोर्तुगालपुरता नवा ख्रिस्तसंघ स्थापून त्यांची मालमत्ता त्याच्या हवाली केली. पुढे राजपुत्र हेन्री याच संघाचा कारभारी झाला आणि संघाच्या उत्पन्नातून सागरी मोहिमांना पैसा मिळू लागला. वडिलांना सर्वांत जास्त ओढ आहे ती तिथल्या शारोलाची, म्हणजे बाहेरून सोळा बाजूंच्या आणि आत आठ खांबांवर उभ्या असलेल्या गोल प्रार्थनागृहाची.

अडचण त्यांच्या गुडघ्यांची आहे. सपाट रस्त्यावर ते अर्धा तास सहज चालतात, पण उतारावर आणि पायऱ्या उतरताना त्यांना फार त्रास होतो. लिस्बनहून रेल्वेने सुमारे दोन तास लागतात, आणि स्थानक खाली गावात तर किल्ला वर टेकडीवर आहे. टॅक्सी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाते का, आणि परतताना ती वर सहज मिळते का? किल्ल्याच्या आतल्या मठात आठ प्रांगणे आहेत असे वाचले. त्यांपैकी कोणती सोडली तर पायऱ्या वाचतील आणि तरीही शारोला व मानुएल राजाच्या काळातली ती प्रसिद्ध खिडकी दोन्ही पाहता येतील? दगडात कोरलेले दोरखंड, त्यांच्या गाठी आणि प्रवाळ यांचे छायाचित्र वडिलांनी वहीत चिकटवून ठेवले आहे, त्यामुळे ती चुकवून चालणार नाही. खिडकी पश्चिमेकडे असल्याने दुपारनंतरचा उजेड चांगला पडत असावा, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

एका प्रवास कंपनीने फातिमा, बाताल्या आणि तोमार एकाच दिवसात दाखवण्याची सहल सुचवली होती. तीत तोमारला जेमतेम दीड तास मिळत होता, म्हणून मी ती नाकारली. आता तोमारमध्येच एक रात्र मुक्काम करावा, पहिल्या दुपारी किल्ला आणि मठ पाहावा, आणि दुसऱ्या सकाळी गावातले पंधराव्या शतकातले यहुदी प्रार्थनास्थळ पाहावे, असे मनात आहे. आवाज घुमावा म्हणून त्याच्या कोपऱ्यांत भिंतीत मातीचे घडे बसवलेले आहेत, आणि ते वडिलांना जवळून दाखवायचे आहेत. नदीपलीकडच्या सांता मारिया दु ऑलिव्हाल चर्चमध्ये गुआल्दिं पाइशची समाधी आहे. तिथे आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात का? लागत असतील, तर त्या साधारण किती आहेत आणि धरायला कठडा आहे का, एवढे कुणी सांगितले तरी मला मुक्कामाचे आरक्षण करता येईल.