अमेरिकेतून आणलेलं घरसामान २३० व्होल्टवर: काय लावायचं, काय नाही?

नवा_बिऱ्हाडकरू:
आम्ही दोघंही अमेरिकन नागरिक, आता दुसऱ्या देशात कायमचे राहायला आलोय. इथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सामानाची खोकी कालच आली. त्यात लॅपटॉप, हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, केकचा स्टँड मिक्सर, दोन टेबल लॅम्प आणि तीन एक्स्टेंशन बोर्ड आहेत. एकच मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला तर हे सगळं चालेल का? शिवाय इथल्या फॅनवाल्या ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटचे १७५ सेल्सियस करून लावले, तर केक वरून काळपट आणि मधे कच्चा राहतोय. आणि आम्ही दोघांच्या नावाने इथे बँक खातं उघडणार आहोत. अमेरिकेला ते कळवावं लागतं का?

तारतंत्री:
खोकं उघडलं की आधी प्रत्येक वस्तूच्या मागची किंवा चार्जरवरची पाटी वाचा. "१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. लॅपटॉप, फोन, कॅमेरा बहुतेक यातच येतात. नुसतं "१२० व्होल्ट" असेल तर अडॅप्टर लावून चालू करू नका, कारण अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

हेअर ड्रायर सोडून द्या. कॉइलची वॉटेज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे १५०० वॉटचा ड्रायर २३० वर क्षणभर साधारण ५५०० वॉट खेचेल. एमसीबी पडेल किंवा कॉइल जळेल. त्याच्यासाठी २००० वॉटच्या ट्रान्सफॉर्मरचं जड धूड विकत घेण्यापेक्षा नवा ड्रायर स्वस्त पडतो. टोस्टर, इस्त्री, किटली यांचंही तेच.

मायक्रोवेव्हची अडचण वेगळी. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बांधलेला आतला जड ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. विजेच्या हर्ट्झवर वेळ मोजणारी घड्याळं तर तासाला १० मिनिटं मागे पडतात.

आता एक्स्टेंशन बोर्ड, आणि हे कृपया आजच बाजूला काढा. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव) असलेल्या अमेरिकन बोर्डात व्हॅरिस्टर नावाची छोटी गोल चकती असते. ठराविक व्होल्टेजच्या वर ती वीज वाहू देते. २३० व्होल्टच्या लाटेचं टोक सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातं. १२० साठी निवडलेली चकती तिथे सतत वीज वाहू देते, तापते आणि पेट घेऊ शकते. अडॅप्टर लावून असा बोर्ड भिंतीत कधीच घालू नका.

लॅम्प वाचवता येतात. अमेरिकन होल्डर ई२६, इकडचा ई२७, फरक एक मिलिमीटरचा. त्यामुळे २३० व्होल्टचा ई२७ एलईडी बल्ब सहसा बसतो. होल्डरवर २५० व्होल्ट लिहिलेलं हवं. टच किंवा डिमरवाला लॅम्प मात्र नको. धातूचा लॅम्प असेल तर इलेक्ट्रिशियनकडून वायर, होल्डर, पिन बदलून अर्थिंग करून घ्या. दोन तारांच्या जुन्या वायरिंगवर विसंबू नका.

नवा_बिऱ्हाडकरू:
बोर्ड काढून ठेवले. मिक्सरवर ३२५ वॉट, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. ५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर पुरेल?

तारतंत्री:
स्टँड मिक्सरची मोटर बहुधा कार्बन ब्रशवाली असते, तिला ५० हर्ट्झने फारसं बिघडत नाही. पण सुरू होताना आणि घट्ट कणकेत मोटर दुप्पट-तिप्पट खेचते. १००० वॉटचा घ्या. तोही लोखंडी गाभ्याचा, वजनदार. प्रवासासाठी मिळणारे हलके "कन्व्हर्टर" थोडा वेळ कॉइल तापवण्यापुरते असतात, मोटरला आणि इलेक्ट्रॉनिक्सला ते चालत नाहीत. काम झालं की ट्रान्सफॉर्मर भिंतीवरून बंद करा. रिकामा असला तरी तो वीज खातो आणि गरम राहतो.

भट्टीवाली:
केकचं कारण फॅन. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस हे बरोबर, पण ते बिनफॅनच्या ओव्हनचं. फॅनला १५–२० अंश कमी, म्हणजे १६० ठेवा. किंवा फॅन बंद करून वर-खाली दोन्ही कॉइल लावा आणि मधल्या जाळीवर भाजा. केकला मला हेच बरं वाटतं.

मापं बदलू नका, अमेरिकन कपच वापरा. तो २३७ मिलिलीटरचा, मेट्रिक कप २५० चा. खरं तर काटाच घ्या: कपभर मैदा सुमारे १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोण्याची एक स्टिक ११३ ग्रॅम. मैद्याचा कप दाबून भरला तर सहज १५० ग्रॅम होतो आणि केक दगड होतो. मोठा बेकिंग ट्रे आणला असेल तर ओव्हनची आतली रुंदी मोजा. अमेरिकन हाफ शीट ४६ सेंटीमीटर लांब असतो, पुष्कळदा दारच लागत नाही.

हिशेबनीस:
खात्याबद्दल: हो. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा अर्ज, भरावा लागतो. एका खात्यात ७,००० आणि दुसऱ्यात ४,००० असले तरी लागू. जॉइंट खात्याची पूर्ण रक्कम दोघांच्याही नावे धरतात, अर्धी नाही. हा अर्ज आयकराच्या १०४० फॉर्मबरोबर जात नाही, फिनसेनच्या (अमेरिकन अर्थखात्यातला आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणारा विभाग) साइटवर वेगळा भरायचा. मुदत १५ एप्रिल, न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. एका जोडीदाराची कळवायची सगळी खाती दुसऱ्याबरोबर जॉइंट असतील, तर ११४ए या संमतीच्या फॉर्मवर दोघांनी सह्या करून एकालाच भरता येतो. तो कागद स्वतःजवळ ठेवायचा. ही फक्त माहिती असते, यावर कर नाही. पण न भरल्याचा दंड जबर आहे.

अमेरिकन नागरिक म्हटलं की बँक बहुधा डब्ल्यू-९ (आपला कर क्रमांक कळवायचा अमेरिकन फॉर्म) आणि सोशल सिक्युरिटी नंबर मागेल. परदेशी बँकांनी अमेरिकनांची खाती अमेरिकेला कळवावीत असं सांगणाऱ्या फॅटका कायद्यामुळे, ते रीतसर आहे. त्याच वेळी बँकेने म्युच्युअल फंडाचा अर्ज पुढे केला तर मात्र सही करू नका. अमेरिकेबाहेरचे फंड अमेरिकन करकायद्यात सहसा पीएफआयसी (निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी) धरले जातात. मग फंडागणिक फॉर्म ८६२१ आणि नफ्यावर कडक कर लागतो. साधं बचत खातं उघडा आणि निघा.