मदत हवी आहे: विंडोज १० सोडून लिनक्सवर जायचंय, पण एक्सेलचे मॅक्रो आणि डोंगलवालं मराठी टायपिंग आडवं येतंय

ओसरी

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

घरचा डेस्कटॉप सातव्या पिढीच्या आय-५ चा, रॅम ८ जीबी, मागेच एसएसडी बसवलेली. यंत्र ठणठणीत आहे. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर, दोन्ही लागतात. रजिस्ट्रीत खाडाखोड करून ते चढवता येतं हे माहीत आहे. मात्र अशा यंत्रांना पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून तो रस्ता नको. चालता संगणक भंगारात काढायला मन होत नाही.

लिनक्स मिंट २२ (लिनक्सची एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम) पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, स्क्रीनचं रिझोल्यूशन सगळं मुकाट चाललं. प्रिंटर तर केबल जोडताच ओळखला. घरातलं निम्मं काम तसंही ब्राउझरमध्येच होतं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल माझी काही तक्रार नाही. घोडं अडलंय दुसरीकडेच.

दादाच्या बिलिंगची मॅक्रोवाली (आतमध्ये छोटे प्रोग्रॅम लिहिलेली) एक्सेल फाइल आहे. बटण दाबलं की फॉर्म उघडतो, ग्राहक निवडला की बिल तयार होऊन छापायला जातं. लिब्रे ऑफिस कॅल्कमध्ये (लिनक्सवरचा एक्सेलसारखा प्रोग्रॅम) फाइल उघडली, सूत्रंही बरोबर आली, व्हीलुकअपसुद्धा. बटण दाबल्यावर मात्र 'ऑब्जेक्ट व्हेरिएबल नॉट सेट' अशी पाटी येते आणि खेळ खलास.

दुसरं प्रकरण बाबांचं. त्यांचा हात रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कळांची मांडणी) बसलेला, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाहीत. त्यांच्या फाइल मिंटमध्ये उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं दिसतात. बाबा म्हणतात, 'तुझं फुकटचं तुला लखलाभ, माझं मला राहू दे.'

रिअ‍ॅक्टओएस म्हणून एक मुक्त प्रणाली आहे, विंडोजचे प्रोग्रॅम थेट चालवते म्हणे. तिचा उपयोग होईल का? आणि लाइव्ह मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही लिहिता येत नाही. डिस्क खराब तर नसेल?

रूटयूजर

डिस्क ठीक आहे, घाबरू नका. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं. शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं आणि ड्राइव्हवर 'मी अजून वापरतोय' अशी खूण सोडून जातं. ती दिसली की लिनक्स त्यात लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे, नाहीतर फाइल बिघडतील. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटण काय करेल' इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा आणि एकदा नीट शटडाउन करा.

रिअ‍ॅक्टओएसचा नाद सोडा. १९९६ च्या 'फ्रीविन९५' मधून ते निघालं, १९९८ पासून या नावाने चालू आहे आणि अजूनही अल्फा अवस्थेत आहे. काम करणाऱ्यांबद्दल आदर आहे, पण रोजच्या बिलांसाठी ते नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायला वाइन आहे, १९९३ पासूनचं आणि बरंच पिकलेलं. तरी डोंगलच्या बाबतीत वाइनकडूनही आशा ठेवू नका. डोंगलला स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागतो.

अर्धविराम

बाबांच्या फाइलींपुरतं सांगते. जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' नसतोच, रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र असतं. म्हणून फॉन्ट नसला की खालचं रोमन उघडं पडतं. विंडोजमधली टीटीएफ फाइल होम फोल्डरमध्ये लोकल, शेअर, फॉन्ट्स या फोल्डरात टाका, मजकूर दिसू लागेल. वाचण्याचा प्रश्न मिटला, लिहिण्याचा नाही. नवीन लेखन युनिकोडमध्ये करायचं असेल तर आयबसमध्ये (लिनक्समधली टायपिंगची सोय) एम१७एन हा कीबोर्डांचा संच बसवा, मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, अगदी गमभनसुद्धा आहे. रेमिंग्टन हिंदीच्या यादीत सापडेल. डोंगल जिवंत आहे तोवर सगळ्या फाइलींच्या पीडीएफ मात्र आजच करून ठेवा. ती वस्तू एक दिवस दगा देणार.

शेंडीवाला

मी जरा थंड पाणी ओततो. म्युनिकच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. त्यात राजकारण होतं हे कबूल. पण कागदपत्रांचे साचे आणि फॉर्म यांच्यासाठी त्यांना 'वोलमक्स' नावाचं स्वतःचं एक्स्टेंशन लिहावं लागलं, हे विसरू नका. विंडोजची पकड अशाच फाइलींमध्ये असते. दादांचे मॅक्रो कोणी लिहिलेत? तो माणूस आहे का अजून?

ओसरी

सगळ्यांचे आभार. फास्ट स्टार्टअप बंद केलं, डी ड्राइव्ह लिहिता येतोय. :)

मॅक्रो दादाच्या मित्राने लिहिले होते, आता त्याला स्वतःलाच आठवत नाहीत. लिब्रे ऑफिसच्या ऑप्शन्समध्ये व्हीबीए (एक्सेलच्या मॅक्रोंची भाषा) चालवण्याची खूण आहे, मॅक्रो सिक्युरिटी मध्यम केली आहे, तरी फॉर्मवरच अडतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज १० टाकावं का?

रूटयूजर

टाकता येईल, पण ८ जीबीत दोन सिस्टीम ओढाताण करतील, आणि यंत्रासोबत आलेलं ओईएम लायसन्स व्हर्च्युअल मशीनला सहसा लागू होत नाही. तुमच्या जागी मी असतो तर ड्युअल बूट केलं असतं, म्हणजे एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टीम, सुरू करताना एक निवडायची. विंडोज १० डिस्कच्या छोट्या भागावर (पार्टिशनवर), इंटरनेट तोडून, फक्त दादांचं बिल आणि बाबांचं डोंगल. बाकी सगळं मिंटमध्ये. पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा, त्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. ती नसेल तर कोणीच वाचवू शकत नाही.

एक्सेलची वेब आवृत्ती सुचवणारे येतील, पण तिच्यात व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत. फॉर्म कायमचा सोडवायचा तर लिब्रे ऑफिस बेसिकमध्ये नव्याने काढावा लागेल. एक ग्राहक निवडणे आणि एक बिल छापणे एवढंच असेल तर ते फार अवघड नाही. मूळ कोड इथे डकवा, ग्राहकांची नावं काढून.

आणखी एक. ड्युअल बूट केल्यावर विंडोजचं घड्याळ चुकेल. लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात ग्रीनविचची वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने लोकल आरटीसी १ करा, म्हणजे लिनक्सही त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवेल, नाहीतर दादांच्या बिलांवर चुकीची वेळ छापली जाईल.

ओसरी

घड्याळाचं बरं सांगितलंत, बिलावर वेळ येतेच. बाबांचं म्हणणं, विंडोज पहिलं उघडलं पाहिजे, त्यांना मेनूतून निवडायला लावायचं नाही. ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना सिस्टीम निवडायचा मेनू) डीफॉल्ट विंडोज ठेवता येतं का?

अर्धविराम

येतं. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये 'ग्रब_डीफॉल्ट' ला विंडोजची ओळ द्या, मग 'अपडेट-ग्रब' चालवा. मेनूची वेळ पाच सेकंद ठेवा, तुम्हाला मिंट निवडायला तेवढी पुरते.