साउथॅम्प्टनच्या क्रूझआधी लंडनमध्ये दोन रात्री: नाटक आणि खाणं कसं बसवावं?

खादाडखाऊ: शुक्रवारी सकाळी हीथ्रोला उतरतोय, जहाज रविवारी दुपारी सुटतं. वेस्ट एंडचं एक नाटक आणि बरो मार्केट एवढंच हवंय. क्रम काय ठेवू?

तिसरी_घंटा: शुक्रवारी रात्री नाटक नको. भारतातून येणाऱ्याच्या अंगात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, महागड्या खुर्चीत पेंगाल. शनिवारचा दुपारचा खेळ घ्या, बहुतेक अडीचच्या सुमारास असतो. लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएस या तिकीट-खिडकीवर सवलतीत तिकिटं मिळतात, पण ठरावीकच नाटक हवं असेल तर आधीच काढा. मोठ्या बॅगा थिएटरात घेत नाहीत, त्या हॉटेलात ठेवा.

मिसळपंथी: मार्केट शुक्रवारीच उरका, शनिवारी मुंगीला शिरायला जागा नसते. सोमवारी बंद, पण तो तुमचा प्रश्न नाही. एक पदार्थ दोघांत घ्या, नाहीतर तिसऱ्या दुकानापाशीच पोट भरतं.

बंदरवाला: खरी गोम रविवारची. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनपासून साउथॅम्प्टन सेंट्रल ट्रेनने एरवी साधारण सव्वा ते दीड तास, पण रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधला टप्पा बसने करावा लागतो. वेळापत्रक त्याच तारखेचं बघा. शनिवारी नाटक सुटल्यावरच साउथॅम्प्टन गाठून तिथे झोपलात तर उत्तम. टर्मिनलचं नावही तिकिटावर तपासा: सिटी आणि मेफ्लॉवर पश्चिम गोदीत, ओशन पूर्वेला.

खादाडखाऊ: मग दुसरी रात्र साउथॅम्प्टनलाच. आभार!