मदत हवी आहे: एक्स-प्लेन १२ (विमान उडवण्याचा सिम्युलेटर), रात्री डायल मंद केले की बाहेरचं आकाश उजळतं

विमान सेसना १७२, गोल घड्याळांचं पॅनेल. डायलचा उजेड कमी-जास्त करायला १० किलोओहमचा लिनिअर पोटेन्शिओमीटर (फिरवायचा नॉब) अर्दुइनो लिओनार्डो या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडलाय. फ्लायविथलुआ (एक्स-प्लेनमध्ये स्क्रिप्ट चालवणारं प्लगइन) स्क्रिप्ट नॉबचं रीडिंग इन्स्ट्रुमेंट ब्राइटनेस रेशो या डेटारेफच्या (सिम्युलेटरमधलं, स्क्रिप्टला वाचता-लिहिता येणारं मूल्य) ० क्रमांकाच्या घरात लिहिते.

पहिला त्रास सुटला. नॉबच्या पहिल्या पाव फेरीतच सगळा प्रकाश यायचा, कारण डोळ्याला उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही. आता ० ते १ मधल्या रीडिंगचा २.२ घात करून लिहितो, चढ छान येतो. थरथर होती, ती वायपर (पोटेन्शिओमीटरची मधली पिन) आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून गेली.

उरलं ते असं: अमावस्येच्या रात्री डायल ०.१५ च्या खाली नेले की ऑटो एक्स्पोजर (सिम्युलेटर चित्राचा उजळपणा आपोआप ठरवतो ते) वर चढतं आणि क्षितिज राखाडी दिसतं. अशा उजेडात रात्रीच्या लँडिंगचा सराव खोटाच.

बॅटरी, अल्टरनेटर चालू आहेत. पॅनेल फ्लड (पूर्ण पॅनेलवर पडणारा दिवा) शून्यावर. मॉनिटर एकच, एचडीआर बंद. बाकी प्लगइन काढून पाहिले, फरक नाही. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केला तर डायलही वाचता येत नाहीत.

एक्स्पोजरला वरची मर्यादा स्क्रिप्टमधून घालता येते का? येत असेल तर नेमका कोणता डेटारेफ, आणि तो दर फ्रेमला लिहावा लागतो का?