मदत हवी आहे : अलाबामाकडच्या बिस्किटांना पदर सुटत नाहीत

नमस्कार. आम्ही गेली तीन वर्षे अलाबामातील हन्ट्सव्हिल येथे राहत आहोत. इकडे बिस्किट म्हणजे चहात बुडवायचा कुरकुरीत प्रकार नव्हे, तर ताक आणि लोणी घालून, यीस्टशिवाय फुगवलेला मऊ, उंच पाव. सकाळी तो मधून उघडून त्यावर मिरपुडीची पांढरी ग्रेव्ही किंवा सॉरघमचा पाक, म्हणजे गोड ज्वारीच्या धाटांची काकवीच, घालून खातात.

शेजारच्या आजींचे बिस्किट नुसत्या बोटांनी उलगडते. माझी मात्र सलग चार रविवार चपटी, कडक आणि एका बाजूला कललेली झाली आहेत. आजींना माप विचारले, तर ‘पीठ मागेल तेवढे ताक’ अशा अर्थाचे उत्तर मिळते, जे माझ्या आईनेही दिले असते.

मी दोन कप ऑल पर्पज मैद्यात एक टेबलस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून सोडा आणि एक टीस्पून मीठ मिसळते. ८५ ग्रॅम लोणी वितळवून त्याचे कडकडीत मोहन घालते. पाऊण कप ताकात पीठ चांगले मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवते. मग अर्धा इंच जाड लाटून, वाटी फिरवून गोल कापते आणि ३५० अंश फॅरनहाइटला २५ मिनिटे भाजते. माप बहुतेक बरोबर असावे, मग चुकते कुठे?

प्रतिसाद

तुमचे माप ठीक आहे. चूक आहे ती आपल्या हातांना लागलेल्या करंजी-पोळीच्या वळणात. गरम मोहनाने करंजी खुसखुशीत होते, कारण तूप पिठाच्या कणाकणाला लागते. इथे नेमके तेच टाळायचे आहे. फ्रिजमधले घट्ट लोणी मटारएवढे तुकडे राहतील इतपतच पिठात चुरायचे. भट्टीत ते तुकडे वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पीठ उचलले जाऊन पदर सुटतात. चिरोट्यातील साट्याचे काम इथे हे तुकडे करतात, असे समजा.

पीठ मळू नका, नुसते गोळा करा आणि तीन-चार वेळा घडी घालून हातानेच पाऊण ते एक इंच जाड थापा. अर्धा तास मुरवण्याची सवय पोळीला चांगली, पण इथे ताक पडताच सोडा आणि पावडर वायू सोडू लागतात, तेव्हा थांबलात की फुगण्याची शक्ती वाया जाते. वाटी पुरीसारखी फिरवली की कडा चिकटून बंद होतात आणि बिस्किट कलते. धारदार कटर सरळ खाली दाबून तसाच वर उचलावा. बिस्किटे एकमेकांना टेकवून ठेवली, तर ती आडवी न पसरता वर चढतात. भट्टी ४५० अंशांवर पूर्ण तापलेली हवी. १२ ते १५ मिनिटे पुरतात.

पिठाचाही वाटा आहेच. अमेरिकेच्या दक्षिणेकडे पारंपरिक वापर मऊ हिवाळी गव्हाच्या पिठाचा. त्यात प्रथिने साधारण ८-९ टक्के असतात, म्हणून ते चिवट होत नाही. १८८३ साली टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे सुरू झालेले ‘व्हाइट लिली’ याच जातीचे. त्याची सेल्फ रायझिंग पिशवी घेतलीत, तर बेकिंग पावडर आणि मीठ वेगळे घालू नका, ते त्यात असतेच. घरचे ताक पातळ असेल, तर पाण्याऐवजी दूध घालून दही फेटा.

धागाकर्ती

मनापासून आभार. आज कडकडीत मोहनाला रजा दिली आणि तिन्ही घड्या स्पष्ट दिसल्या. फक्त बिडाच्या तव्यात खालची बाजू काळपट झाली, वरून मात्र रंग फिकाच राहिला. तवा वरच्या कप्प्यात सरकवावा, की बिस्किटे साध्या पत्र्याच्या ट्रेमध्ये भाजावीत?