युनायटेडच्या घसरणीत सर ॲलेक्स यांचा वाटा किती?

सातनंबरी

मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनो, विषय नाजूक आहे, पण मनात फार दिवस साचलाय म्हणून मांडतो.

२०२४-२५ मध्ये आपण लीगमध्ये १५वे आलो. ४२ गुण, १८ पराभव, आणि वर बिलबाओत टॉटनमकडून युरोपा लीगची फायनलही गमावली. असं काही झालं की आपल्याकडे दोषी मॅनेजरांची ठरलेली यादी निघते. मोयेस कच्चा, व्हॅन गाल रटाळ, मोरिन्यो भांडखोर, सोल्शार भाबडा, टेन हागने पैसे उधळले. ग्लेझर मालक तर आहेतच. एक नाव मात्र, २०१३ला निवृत्त झालेले मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचं, त्या यादीत कधीच येत नाही आणि कुणी घेतलंच तर त्याला गप्प केलं जातं.

२२ एप्रिल २०१३ला ॲस्टन व्हिलाविरुद्ध व्हॅन पर्सीने हॅटट्रिक केली आणि चार सामने हातात असताना लीग आपली झाली. मोसमाअखेर आपले ८९ गुण होते, मँचेस्टर सिटीपेक्षा ११ जास्त. बरोबर एका वर्षाने, २२ एप्रिल २०१४ला, सरांच्या जागी आलेल्या मोयेसला काढलं. तो मोसम ६४ गुणांवर आणि सातव्या क्रमांकावर संपला. खेळाडू जवळपास तेच होते. मग २५ गुण गेले कुठे? एक मॅनेजर बदलल्याने एवढा फरक पडतो, की ते ८९ गुण मुळात संघाचे नव्हतेच, एका माणसाचे होते? आणि तसं असेल, तर सगळा क्लब स्वतःभोवती उभा करून मागे काहीच न ठेवणाऱ्याची काही जबाबदारी नाही का?

सर ॲलेक्स यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. या क्लबच्या प्रेमात मी त्यांच्यामुळेच पडलो. म्हणूनच हे टाळावंसं वाटत नाही.

स्ट्रेटफर्डचा_लाल

तेरा लीग विजेतेपदं आणि दोन चॅम्पियन्स लीग देऊन, चॅम्पियन संघ सोपवून माणूस घरी गेला. त्यानंतर क्लबने खेळाडूंवर एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम ओतली. डी मारियाला जवळपास ६० मिलियनला आणून वर्षभरात पॅरिसला विकलं, तेही त्यांनीच केलं का? गेलेल्या माणसाने आणखी किती वर्षं देणं लागायचं ते एकदा सांगा. मला हा प्रश्नच कृतघ्नपणाचा वाटतो.

बॉक्सटूबॉक्स

कृतघ्न वगैरे नको, संघ बघू या. २०१३च्या उन्हाळ्यात फर्डिनांड ३४चा, एव्हरा ३२चा, विडिच ३१चा. पुढच्याच उन्हाळ्यात तिघेही गेले. गिग्ज ३९ वर्षांचा होता. ज्याच्या २६ गोलांवर लीग आली, तो व्हॅन पर्सी ऑगस्टमध्ये तिशीत पोचला. दुसरी बाजूही सांगायला हवी: डे हेया २२, जोन्स २१, स्मॉलिंग २३, वेलबेक २२. म्हणजे तरुण नव्हतेच असं नाही. पण म्हातारे आणि पोरं यांच्या मधली फळी कच्ची होती. पंचवीस-अठ्ठाविशीतले खेळाडू होते, पण त्यांतले खरंच ऐन भरातले मोजायला बसलात तर रूनी आणि फार तर आणखी दोघेतिघे.

आणि मिडफिल्ड! २००७ मध्ये हारग्रीव्ह्ज आणि अँडरसन घेतले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही मुरलेला सेंट्रल मिडफिल्डर विकत घेतला नाही. हारग्रीव्ह्जचे गुडघे गेले, फ्लेचर आजारी पडला, तरी नाही. जानेवारी २०१२ मध्ये निवृत्त झालेल्या स्कोल्सला परत बोलावलं. स्कोल्स अप्रतिम खेळला, त्यामुळे प्रश्न झाकला गेला, सुटला नाही. त्याआधी ३१ डिसेंबर २०११चा सामना आठवा. तळाला असलेला ब्लॅकबर्न ओल्ड ट्रॅफर्डवर आला आणि ३-२ जिंकून गेला. त्या दिवशी आपल्या मिडफिल्डमध्ये रफाएल आणि पार्क होते. रफाएलसारख्या फुलबॅकला, म्हणजे बचावातल्या खेळाडूला, मध्ये खेळवलं आणि तरुण मिडफिल्डर पोग्बा बेंचवर बसून राहिला. पुढच्याच उन्हाळ्यात तो जवळपास फुकटात युव्हेंटसला गेला आणि २०१६ मध्ये आपण त्याला ८९ मिलियन पौंडांना परत आणलं. त्याच्या एजंटचा हट्ट होता, मान्य. पण मिडफिल्डमध्ये माणसंच नसताना १८-१९ वर्षांच्या तसल्या पोराला संधी न देणं हा मॅनेजरचा निर्णय होता. या एका गोष्टीचा मला आजही राग येतो.

न्यूटनहीथ

वय आणि मिडफिल्ड एका उन्हाळ्यात दुरुस्त झालं असतं. माझा आक्षेप जुना आहे आणि तो २००५चा आहे.

रॉक ऑफ जिब्राल्टर हा घोडा नव्या लोकांना कदाचित माहीत नसेल. २००१-०२ मध्ये त्याने ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या सलग सात शर्यती जिंकल्या. सर ॲलेक्स त्याचे सहमालक म्हणून मिरवत होते, मुख्य मालक आयर्लंडचे जॉन मॅग्नियर. मॅग्नियर आणि त्यांचे भागीदार जे. पी. मॅकमॅनस हे तेव्हा युनायटेडचे सगळ्यात मोठे भागधारक होते. घोडा निवृत्त होऊन पैदाशीला गेला आणि त्या उत्पन्नात वाटा कुणाचा, यावरून सर ॲलेक्स यांनी मॅग्नियरवर दावा ठोकला. स्वतःच्या क्लबच्या सर्वांत मोठ्या भागधारकावर! उत्तरादाखल त्या दोघांनी क्लबच्या संचालक मंडळाला ९९ प्रश्न पाठवले, त्यात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीबद्दलही होते. मार्च २००४ मध्ये तडजोड झाली. पण मे २००५ मध्ये दोघांनी आपला २८.७ टक्के हिस्सा ग्लेझरना विकला आणि क्लब त्यांच्या हातात गेला. ७९० मिलियन पौंडांच्या त्या व्यवहारात मोठा भाग उसना होता आणि ते कर्ज क्लबच्याच बोकांडी बसवलं.

त्या वेळी आपल्यातलेच काही लोक बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा वेगळा क्लब काढला. २०१०ला ग्लेझरच्या निषेधात हिरवे-पिवळे स्कार्फ घालून हजारो लोक मैदानात आले. सर ॲलेक्स मात्र मालकांच्या बाजूने बोलत राहिले. २००९ मध्ये रोनाल्डो ८० मिलियनला गेला तेव्हा व्हॅलेन्सिया आला आणि ओवेन फुकटात आला, त्याच उन्हाळ्यात तेवेझ सिटीत गेला. सर म्हणाले, बाजारात किमतीच्या मानाने माल नाही. आणि ते जिंकत राहिले. त्यांच्या जिंकण्यामुळेच मालकांना कधी जाब द्यावा लागला नाही. त्यांच्याएवढं वजन क्लबमध्ये दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. त्यांनी एकदा तोंड उघडलं असतं तर ग्लेझरना ऐकावं लागलं असतं. मी त्यांना माफ करू शकत नाही ते या मौनासाठी.

स्ट्रेटफर्डचा_लाल

घोड्याची गोष्ट खरी, निष्कर्ष ओढूनताणून काढलेला. क्लब १९९१ पासून शेअर बाजारात होता. सप्टेंबर १९९८ मध्ये स्काय या टीव्ही कंपनीने ६२३ मिलियनची बोली लावली आणि संचालक मंडळ विकायला तयारही झालं. १९९९ मध्ये सरकारने अडवलं म्हणून वाचलो. मॅग्नियर-मॅकमॅनस गुंतवणूकदार होते. भाव मिळाला की विकणार, भांडण असो वा नसो. आणि पगारी मॅनेजरने मालकांविरुद्ध जाहीर बोलावं ही अपेक्षा तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करता?

सातनंबरी

दुसऱ्या कुणाकडून करत नाही, कारण दुसऱ्या कुणाचं तेवढं वजन नव्हतं. पण घोड्याबद्दल तुमचं म्हणणं पटतं. तो हिस्सा कधी ना कधी विकला गेलाच असता.

मला स्वतःला सगळ्यात जास्त खुपतं ते वारसाचं प्रकरण. त्यामागचं कारण मला कळतं. २००१-०२ आधी त्यांनी निवृत्ती जाहीर केली, संघ ढिला पडला, फेब्रुवारीत त्यांना निर्णय फिरवावा लागला आणि आपण तिसरे आलो. तो धडा घेऊन २०१३ मध्ये त्यांनी शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. ८ मेला घोषणा, ९ मेला मोयेस. ड्रेसिंग रूमसाठी ते शहाणपणाचं ठरलं, लीगही आली. पण क्लबला तयारीला वेळच उरला नाही. त्याच उन्हाळ्यात क्लबचे मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले, म्हणजे खेळाडू आणणारी जोडगोळी एकदमच उठली. त्यांच्या जागी आला एड वुडवर्ड, मूळचा बँकर. फाब्रेगास, थियागो यांच्या मागे धावत उन्हाळा संपला आणि शेवटच्या दिवशी २७.५ मिलियनला फेलेनी घेऊन परतलो.

लिव्हरपूलकडे बघून मला हे जास्त लागतं. १९७४ मध्ये त्यांचे मॅनेजर शँक्ली अचानक पद सोडून गेले, तिथेही कुणाला कल्पना नव्हती. पण शेजारच्या खोलीत त्यांचे सहायक पेझ्ली बसलेले होते. नऊ वर्षांत सहा लीग, तीन युरोपियन कप. आपल्याकडे शेजारची खोली होती का? सरांचे सहायक प्रशिक्षक फेलन, म्युलेनस्टीन, स्टील होते, मोयेसने तिघांनाही घालवलं. हा दोष मोयेसचाच. पण त्यांच्यातला कुणी उद्या मॅनेजर होईल असं सर ॲलेक्स यांनी कधी घडू दिलं का?

आणि हे सगळं आपल्या घरात आधी होऊन गेलं होतं. आपले जुने मोठे मॅनेजर बस्बी १९६९ला उतरले, क्लबमध्येच राहिले, वारस मॅकगिनेसला दीड वर्षात हटवून पुन्हा खुर्चीत बसले. १९७४ मध्ये आपण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलो. १९६७ नंतरची लीग आली १९९३ला, ती सर ॲलेक्स यांनीच आणली. एका मोठ्या माणसामागे क्लब कसा कोसळतो हे त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं?

बॉक्सटूबॉक्स

वारसाच्या मुद्द्याला एक जोड. खेळाडू निवडायला स्वतंत्र फुटबॉल डायरेक्टर आपण नेमला तो मार्च २०२१ मध्ये. २०१३ पर्यंत त्याची गरज नव्हती, कारण ते काम सर ॲलेक्स एकटे करत होते. त्यानंतरची आठ वर्षं मात्र त्यांच्या माथी मारता येणार नाहीत. ती वुडवर्डची आणि ग्लेझरची.

फेलन डिसेंबर २०१८ मध्ये सोल्शारबरोबर परत आला, तेव्हा डे हेया, जोन्स, स्मॉलिंग, यंग आणि व्हॅलेन्सिया हे त्याच्या ओळखीचे अजून संघात होते. मिडफिल्डमध्ये त्याच्या वेळचा एकच उरला होता, आणि तो पोग्बा.