रंग निवडताना हिरवी पाटी विसरू नका

नव्या इलेक्ट्रिक गाडीचा रंग काळा घ्यावा की पांढरा, असं विचारलंयत आणि वर 'ईव्ही आहे, काहीतरी हटके हवं' असंही म्हणताय. माझं मत पांढऱ्याला. नागपुरात मे महिन्यात दुपारी उघड्यावर लावलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा, म्हणजे कळेल. आत बसल्या बसल्या एसी फुल्ल करावा लागतो आणि तो चालतो बॅटरीवरच. रेंजमध्ये, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जेवढी पळते त्यात, फार मोठा फरक पडेल असं नाही, पण चटके तुम्हालाच बसणार.

काळ्यावर धूळ तर दिसतेच, शिवाय सोसायटीतला गाडी धुणारा कोरडं फडकं मारतो त्याचे गोल गोल ओरखडे उन्हात लख्ख दिसतात. आमच्या आधीच्या गाडीचं हेच झालं.

फक्त पर्ल व्हाइट, म्हणजे मोत्यासारखी चमक असलेला पांढरा, घेऊ नका, साधा पांढरा घ्या. पर्लचे थर जास्त, त्यामुळे एक दार ठोकलं तर नंतर शेड जुळवताना पेंटरच्या नाकी नऊ येतात.

आणि हो, ईव्ही असल्यामुळे नंबरप्लेट हिरवी मिळणार आहे, त्यावर पांढरी अक्षरं. हटके म्हणून लाल घ्यायचा विचार असेल, तर लाल गाडीवर ती कशी दिसते ते रस्त्यात एकदा बघून घ्या. मला तर बोहल्यावरचा नवरदेवच आठवतो!